‘त्याहून मोठं चाललंय, त्याचं काय?’ : कुंडमळ्याचा पूल, मावळचा गोळीबार आणि आमचा साकव

(ऐकायचं असेल तर वरचं प्ले बटण दाबा. कामशेतच्या पुढे लोकलमध्ये ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी हा एपिसोड खाली लिहून काढलाय. बोलताना अडखळलेली काही वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात



आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे आलाय. आपल्या एका ऐकणाऱ्याने पाठवली होती. कॉलेजात आहे, तळेगावला राहतो. तो म्हणतो, “दादा, आमच्या हॉस्टेलच्या मेसच्या पैशांत गडबड आहे. मी बोलायला गेलो तर सिनियर म्हणाले, देशात केवढे मोठमोठे घोटाळे होतायत आणि तू साठ रुपयांच्या थाळीवरून काय भांडतोयस? मला खरंच कळेना, ते बरोबर आहेत का?”

मी ही नोट तीनदा ऐकली. कारण हेच वाक्य मलाही एकाने ऐकवलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. त्या गप्प बसण्याचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगतो. आधी विषय नीट समजून घेऊ.

प्रश्न असा आहे. एखादी संस्था चुकतेय हे आपल्याला दिसतंय. संस्था म्हणजे ग्रामपंचायत, नगरपरिषद, कॉलेज, कंपनी, सरकारी खातं, काहीही धरा. पण जगात त्याहून वाईट गोष्टी चालू आहेत. मग लक्ष कशाला द्यायचं? दरवेळी सगळ्यात वाईट गोष्टीलाच द्यायचं का?

[०१:५०] तीन दिवसांचं अंतर

१२ जून २०२५, गुरुवार. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. जमिनीवरचे धरून एकूण २६० मृत्यू. पुढचे कित्येक दिवस तुम्ही आम्ही फोनवर तेच बघत होतो, आणि ते साहजिकच होतं.

१५ जून, रविवार. आपल्या मावळात, इंद्रायणीवर कुंडमळ्याला दुपारी जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाळी रविवार म्हणजे पर्यटकांची गर्दी, हे आपल्याला काय नवीन सांगायचं. पुलावर पायी माणसं होती आणि दुचाकीही होत्या. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले.

आकडे शेजारी ठेवले तर २६० आणि ४. पहिली गोष्ट मोठी आहे यात वादच नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये मी जे ऐकलं ते डोक्यातून जात नाही. एक जण पुलाबद्दल बोलत होता. दुसरा म्हणाला, “अरे तिकडे अडीचशे माणसं गेली, इथे चारच आहेत.” तो वाईट माणूस नव्हता. सहज बोलला.

पण विचार करा. अहमदाबादच्या अपघाताबद्दल त्या डब्यातला एकही माणूस दुःख करण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. चौकशीला विमान अपघात तपासणारी यंत्रणा होती आणि जगभरातले तज्ज्ञ होते. कुंडमळ्याच्या पुलाबद्दल मात्र त्या डब्यात बसलेल्यांना काहीतरी ठाऊक होतं. पूल गंजलाय हे माहीत होतं. धोक्याचा बोर्ड आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही हेही माहीत होतं. नव्या पुलासाठी सुमारे आठ कोटी मंजूर झाले होते, तरी जुनाच वापरात होता. ही माहिती बातमीदारांना नंतर मिळाली, इथल्या माणसांना आधीपासून होती.

म्हणजे जी गोष्ट जास्त वाईट होती तिथे आपला हात पोचत नव्हता. आणि जिथे पोचत होता तिथे, १५ जूनच्या आधी, अजून काहीच ‘वाईट’ घडलेलं नव्हतं. एक गंजलेला पूल होता, बस्स. १४ जूनला कुणी त्याच्याबद्दल तक्रार घेऊन उभा राहिला असता, तर त्यालाही हेच ऐकावं लागलं असतं की तिकडे विमान पडलंय आणि तू पूल घेऊन बसलायस.

[०४:३०] बग किती मोठा आणि आधी कुठला

आता जरा माझ्या धंद्यातलं सांगतो. जे आयटीत नाहीत त्यांनी पळू नका, सोपं आहे.

सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली की तिचं तिकीट बनतं. त्या तिकिटावर दोन वेगळे रकाने असतात. एक सिव्हिअरिटी, म्हणजे नुकसान किती. दुसरा प्रायॉरिटी, म्हणजे हातात आधी कुठलं घ्यायचं. नव्याने जॉईन झालेली पोरं पहिल्या महिन्यात हमखास हे दोन्ही एकच समजतात. मीही समजलो होतो.

उदाहरण घ्या. एखादं अॅप फार जुन्या फोनवर उघडलं की बंदच पडतं. नुकसान पूर्ण, पण तो फोन आता कुणी वापरत नाही. म्हणजे सिव्हिअरिटी जास्त, प्रायॉरिटी कमी. उलट बाजूला, पैसे भरायच्या पानावर बटणाचं नाव चुकलंय. कोड एकदम ठणठणीत आहे, पण लोक गोंधळून पैसे न भरताच निघून जातायत. सिव्हिअरिटी कमी, तरी ते आज संध्याकाळच्या आत दुरुस्त करायचं.

प्रायॉरिटी ठरवताना आपण काय बघतो? अजून किती जणांना लागणार आहे, किती लवकर लागणार आहे, दुरुस्ती आपल्या टीमच्या हातात आहे का, दुसरं कुणी आधीच त्यावर बसलंय का, आणि हा लहान बग आत दडलेल्या मोठ्या बगचं लक्षण आहे का. नुकसान किती हा यातला एक रकाना आहे, एवढंच.

‘त्याहून मोठं चाललंय’ म्हणणारा माणूस फक्त पहिला रकाना वाचतो आणि तिकीट बंद करून टाकतो. माझ्या टीममध्ये कुणी असं केलं, की “दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये याहून मोठा बग आहे म्हणून हा क्लोज केला”, तर लीड त्याला मीटिंगमध्ये सोलून काढेल.

आणखी एक गोष्ट. हा नियम शेवटपर्यंत नेऊन बघा. मेसच्या घोटाळ्यापेक्षा नगरपरिषदेचा मोठा, त्यापेक्षा राज्याचा, त्यापेक्षा देशाचा, त्यापेक्षा कुठल्यातरी युद्धातला नरसंहार. वर वर जात शेवटी जगात एकच विषय उरेल ज्यावर बोलायची परवानगी आहे. बाकी प्रत्येक पूल, प्रत्येक मेस, प्रत्येक सातबारा आपापला पडू द्यायचा. जो नियम पाळला तर कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही, तो नियम कसला?

[०७:१०] मावळचं नाव घेणारे सगळेच

आता जरा जड भाग. पण मावळात राहून हा विषय काढायचा आणि ९ ऑगस्ट २०११ वगळायचा, हे जमणार नाही.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील, म्हणून थोडक्यात. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. धरणातून पाणी नदीत सोडतात आणि महापालिका ते खाली रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते. योजना अशी होती की थेट धरणातून बंद पाइपलाइनने पाणी न्यायचं, सुमारे पस्तीस किलोमीटर. महापालिकेचं म्हणणं असं की पाणी स्वच्छ मिळेल आणि वाया जाणार नाही. मावळच्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं की पाणी नदीतून वाहणं बंद झालं तर काठावरचे पंप, विहिरी, शेती यांचं काय? शिवाय धरणाला जमिनी दिलेल्या अनेकांचं पुनर्वसनच तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. धरण १९७०च्या दशकातलं आहे, हिशोब तुम्हीच करा.

९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, बऊरजवळ शेतकऱ्यांनी पुणे-मुंबई एक्स्प्रेस वे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, दोन पुरुष आणि एक बाई. राज्यात तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. भाजप आणि शिवसेना विरोधात होते आणि आंदोलनाच्या बाजूने होते. पाइपलाइनच्या कामाला स्थगिती मिळाली. चौकशी आयोग नेमला गेला.

आता दहा वर्षं पुढे या. ३ ऑक्टोबर २०२१ला उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरीला आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडलं गेलं. चार शेतकऱ्यांसह आठ जण त्या दिवशी मेले. महाराष्ट्रात महाविकास आघाडीचं सरकार होतं, त्यांनी ११ ऑक्टोबरला महाराष्ट्र बंद पुकारला. आणि लगेच भाजपकडून प्रश्न आला की मावळमध्ये शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा का नाही बंद केला? त्यावर शरद पवारांचं उत्तर आलं की मावळात गोळीबार पोलिसांनी केला होता, त्यात राजकीय पक्षाची माणसं नव्हती, आणि मावळच्या लोकांनाही ते पुढे समजलं.

तो आठवडा मला चांगला आठवतो. टीव्हीवर सतत मावळ, मावळ, मावळ. आमच्या घरी आजी म्हणाली, “आपलं नाव फार घेतायत, काय झालंय का परत?”

झालं काहीच नव्हतं. एका बाजूने मावळ काढलं ते लखीमपूरवरचं बोलणं थांबवायला. दुसऱ्या बाजूने मावळ लहान करून दाखवलं, कारण त्यांना लखीमपूरवर बोलायचं होतं. या सगळ्यात पवना नदीचं काय, पाइपलाइनचं काय, धरणग्रस्तांचं काय, हे कुणीच विचारलं नाही. आठवडा संपला, विषय संपला.

मग सप्टेंबर २०२३. राज्यात शिंदे, फडणवीस आणि अजित पवार यांचं सरकार होतं. म्हणजे २०११ला गोळीबाराच्या वेळी सत्तेत असलेल्यांपैकी काही आणि तेव्हा विरोधात असलेल्यांपैकी काही, असे एकत्र. त्या सरकारने पाइपलाइनवरची स्थगिती उठवली. मावळात पुन्हा विरोध सुरू झाला. बारा वर्षांत हे भांडण मुळाशी सुटलेलंच नव्हतं.

पाइपलाइन व्हावी की नाही, हा आजचा मुद्दा नाही. शहराला पाणी लागतं हेही खरं आहे, माझं ऑफिस त्याच शहराच्या बाजूला आहे आणि तिथलं पाणी मी रोज पितो. मुद्दा हा की ‘मग मावळचं काय?’ विचारणाऱ्यांना मावळशी किती देणंघेणं होतं.

यातून मी एक कसोटी काढलीय. कुणी मोठ्या अन्यायाचं नाव घेतलं की बघायचं, तो ते जोडायला घेतोय की वजा करायला? बऊरच्या एखाद्या शेतकऱ्याने विचारलं असतं की “लखीमपूरसाठी बंद केलात, आमच्यासाठी का नाही?”, तर तो प्रश्न शंभर टक्के रास्त होता. त्याला दोन्हीकडे न्याय हवाय, तो एक तक्रार आणखी जोडतोय. पण तोच प्रश्न प्रवक्त्याच्या तोंडून आला की अर्थ होतो, तुम्ही आमचं काढू नका, आम्ही तुमचं काढणार नाही. ही वजाबाकी आहे. त्यात दोन्हीकडचे मेलेले वजा होतात.

प्रश्न तोच असतो, शब्दही तेच. म्हणून वाक्य ऐकून कळत नाही. पुढच्या महिन्यात तो माणूस त्या ‘मोठ्या’ विषयाचं काही करतोय का, हे बघितलं की कळतं.

[११:४०] लहान कागद

दुसरी गोष्ट तळेगावची. सतीश शेट्टी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. माहितीचा अधिकार २००५ साली आला आणि हा माणूस तो वापरून मावळातले जमिनीचे व्यवहार तपासत होता. एक्स्प्रेस वे झाल्यावर आपल्याकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, ते तुम्हाला माहीतच आहे. १३ जानेवारी २०१०ला सकाळी फिरायला गेलेले असताना तळेगावात त्यांचा खून झाला. त्याआधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपास पुढे सीबीआयकडे गेला. दीड दशक उलटलं, तरी या खुनासाठी कुणाला शिक्षा झालेली नाही.

ते ज्या कागदांच्या मागे होते ते कसले होते बघा. सातबारा, फेरफार, खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडची नोंद. एकेक कागद सुटा घेतला तर कुणीही म्हणेल, एका गटाच्या नोंदीवरून काय एवढं? पण मोठा गैरव्यवहार आपल्यासमोर ‘मी मोठा गैरव्यवहार आहे’ असा बोर्ड लावून येत नाही. तो अशाच सुट्या कागदांचा बनलेला असतो. लहान तक्रार सोडून द्यायची आणि मोठी धरायची, हे ऐकायला बरं वाटतं, पण मोठीकडे जायची वाट बऱ्याचदा लहानातूनच असते.

आणि एक सांगायलाच हवं. असल्या कामात जीवाला धोका असतो. जमीन, वाळू, खडी यांच्यात हात घालणार असाल तर एकट्याने घालू नका. पाच-दहा जणांच्या सह्या घ्या, कागदाच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा. हिरोगिरी करायची नाही.

[१३:५०] पण कधीकधी ‘सोड ना’ म्हणणारा बरोबर असतो

मी आत्तापर्यंत एकाच बाजूने बोलतोय असं वाटेल, म्हणून ही दुसरी बाजू.

मागच्या वर्षी माझे फास्टॅगमधून टोलचे पैसे दोनदा कापले गेले. मी पेटलो. मेल, तक्रार, परत मेल, ट्विटरवर टॅग, कस्टमर केअरला अर्धा अर्धा तास. तीन आठवडे. पैसे मिळाले. मी विजयी वीरासारखा घरी सांगितलं. आई म्हणाली, “छान. आणि आत्याच्या पेन्शनचा कागद बघतो म्हणाला होतास, त्याचं काय झालं?”

आत्याची पेन्शन चार महिने अडकली होती. फॉर्ममध्ये एक नाव चुकलं होतं. मी तिला शब्द दिला होता आणि विसरलो होतो. इथे आई ‘त्याहून मोठं आहे’ असंच म्हणत होती की! आणि ती बरोबर होती.

मग तिच्या म्हणण्यात आणि लोकलमधल्या माणसाच्या म्हणण्यात फरक काय? आईने सांगितलेली मोठी गोष्ट माझ्या हातातली होती. ती उद्या सकाळी करता येण्यासारखी होती. आणि तिने स्वतः त्यासाठी तहसीलला दोन चकरा मारल्या होत्या. तिने माझं लक्ष एका कामावरून काढून दुसऱ्या कामावर लावलं. ‘तिकडे काय चाललंय बघ’ म्हणणारा लक्ष काढतो आणि कुठेच लावत नाही.

लक्ष मोजकंच असतं, हे खरंय. दिवसाला नऊ तास ऑफिस, अडीच तास प्रवास, त्यात रील्स. प्रत्येक गोष्टीवर पेटून उठणारा माणूस दोन महिन्यांत विझतो. आमच्याकडे म्हणतात, सगळंच पी-वन असेल तर काहीच पी-वन नाही. निवडावं लागतंच. फक्त नीट निवडावं.

[१६:००] मग निवडायचं कसं? पाच प्रश्न

मी स्वतःसाठी पाच प्रश्न लिहून ठेवलेत. स्क्रीनशॉट काढा हवं तर.

एक, हे पुन्हा घडणार आहे का, आणि कधी? झालेल्या चुकीपेक्षा होऊ घातलेली चूक आधी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्या गेल्या. त्यानंतर राज्यभरच्या पुलांचं ऑडिट करा असं सगळे म्हणत होते. नऊ वर्षांनी कुंडमळा झाल्यावर पुन्हा तेच ऐकलं. ज्याला पावसाळ्याची मुदत आहे ते मे महिन्यात करायचं असतं.

दोन, माझा हात पोचतो का? मी मतदार आहे, फी भरतो, कर भरतो, तिथे राहतो किंवा तिथे काम करतो. यातलं एक जरी असेल तर त्या संस्थेला मला उत्तर द्यावं लागतं. जिथे माझं नातंच नाही तिथे मी फार तर ओरडू शकतो.

तीन, मी नाही केलं तर कोण करणार आहे? ज्या विषयावर लाखभर लोक आधीच बोलतायत तिथे माझी एक पोस्ट म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. वाडीवरच्या साकवावर बोलणारे आपण तिघे असू.

चार, हे सुटं आहे की कशाचं टोक आहे? एकदा चुकलं तर चूक. दरवर्षी त्याच महिन्यात चुकतं, दरवेळी त्याच माणसाचा फायदा होतो, तर खाली काहीतरी आहे. मेसवाल्या मित्रा, तुझ्यासाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साठ रुपये गुणिले पोरं गुणिले दिवस कर आणि ते कंत्राट कुणाला, कसं मिळालं ते विचार. आकडा साठ राहणार नाही.

पाच, ‘मोठं’ दाखवणारा स्वतः त्या मोठ्याचं काय करतोय? करत असेल तर त्याच्याबरोबर जा, खरंच. काहीच करत नसेल तर त्याला चहा पाजा आणि आपलं काम चालू ठेवा.

आणि या पाचांतून एक गोष्ट कळते. लहान विषय निवडणारा काही मोठ्याला माफ करत नसतो. १९२१ साली देशभर असहकार पेटला होता, इंग्रजांविरुद्ध. त्याच वर्षी लोणावळ्याच्या दक्षिणेला मुळशीच्या खोऱ्यात आपल्याच मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, त्यावरूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. इंग्रजांचं साम्राज्य हा मोठा अन्याय होताच, बापट त्याच्याशीही आयुष्यभर लढले. पण ज्याचं भाताचं खाचर पाण्याखाली जाणार होतं, त्याने आधी स्वराज्य येऊ दे मग बघू, असं म्हणून चाललं नसतं. धरण झालं, ते हरले. तरी शंभर वर्षांनी धरणग्रस्त हा शब्द उच्चारताना आपण मुळशीपासून सुरुवात करतो.

[१९:३०] आमचा साकव

आता माझं राहिलेलं.

आमच्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागताना ओढ्यावर एक साकव आहे. एका बाजूचा कठडा आदल्या पावसाळ्यात वाहून गेला होता. कुंडमळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ जूनला, मी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. लिहिलं, “याचंही बघायला हवं.”

पाच मिनिटांत एका काकांचा रिप्लाय. काका चांगले आहेत, गावात त्यांना मान आहे, मी लहान असल्यापासून ओळखतात. त्यांनी लिहिलं, “बाळा, हजारो कोटींचे घोटाळे चाललेत आणि तुला कठड्याची पडलीय. जरा मोठा विचार कर.” त्याखाली सात जणांचे अंगठे.

मला लाज वाटली. आपण किती कोत्या मनाचे, असं वाटलं. फोटो डिलीट फॉर एव्हरीवन केला.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आमचे दूधवाले तात्या त्या साकवावरून घसरले. शेवाळ होतं, समोरून पिकअप आली, त्यांनी गाडी कडेला घेतली. कडेला कठडा नव्हता. बारा-तेरा फूट खाली. जीव वाचला, खांद्याचं हाड मोडलं, दोन महिने रतीब बंद. दोन महिने म्हणजे त्यांच्यासाठी काय, ते मी सांगायला नको.

काका दवाखान्यात मला भेटले. काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “अर्ज कसा करतात रे तो?”

तर तो अर्ज असा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, शुल्क दहा रुपये. महाराष्ट्रात नियम आहे की अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. हा साकव कुठल्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे, त्याची शेवटची तपासणी कधी झाली, दुरुस्तीवर किती खर्च झाला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यानेही भागलं नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे.

पहिलं उत्तर आलं, “सदर साकव या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.” अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला होता. दुसऱ्या कार्यालयाचं उत्तर आलं की त्यांच्या नोंदवहीत असा साकवच नाही.

म्हणजे बघा, ज्याच्यावरून मी शाळेत गेलो, ज्याच्यावरून तात्या पडले, तो कागदावर नाहीच. मग त्याची तपासणी कोण करणार आणि कठड्याला पैसे कुठून येणार? कठडा तुटला हे लक्षण होतं, आत दडलेला बग हा होता.

या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही विषय मांडला. ग्रामसभेला कोरम लागतो, गावातले पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. दरवेळी कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब होते. या वेळी काका दारोदार फिरले आणि माणसं गोळा केली. साकवाची नोंद करावी आणि कठडा बांधावा, असा ठराव झाला. त्याची नक्कल मी मागून घेतलीय, फोनमध्ये आहे.

कठडा अजून झालेला नाही. त्या बाजूला आम्ही पोरांनी दोन बांबू आडवे बांधलेत आणि पांढरा रंग दिलाय, रात्री दिसावेत म्हणून. पावसाळ्याला अजून वेळ आहे, अपिलाची तारीख मी कॅलेंडरवर टाकून ठेवलीय.

हजारो कोटींचे घोटाळे अजूनही चालूच असतील. त्यातलं एखादं काका धरणार असतील तर मी त्यांच्याबरोबर आहे. त्यांना तसं सांगितलंही आहे.

मेसवाल्या मित्रा, तुझ्या पाच प्रश्नांची उत्तरं मला व्हॉइस नोटवर पाठव. आणि बाकीच्यांनी, आपल्या जाण्या-येण्याच्या वाटेवर असा एखादा साकव, पूल, जिना, उघडी डीपी असेल तर आज जाताना एक फोटो काढून ठेवा, तारखेसकट. आणि माझ्यासारखा डिलीट करू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. जपून जा.